जहाज फसले, बंदरे लाभली

(उत्सवातील भाषण)



आपण झाशीकर; आपले पाणी म्हणजे बेतवा आणि पहूज. सत्तरी आली तरी आईने समुद्र पाहिला नव्हता. म्हणून पी.एफ.मधून पैसे काढून मुंबईहून आलिशान जहाजाची सहल ठरविली. कबूल केली बाल्कनीची खोली, मिळाली बिनखिडकीची! रात्रभर डोक्यावर डीजे, जेवणाला रांग. आई म्हणाली, "अरे, आपली स्लीपर बरी, खिडकी तरी असते." मी ओशाळलो.

कोचीला मात्र जीव रमला. तिथले विलिंग्डन बेट रॉबर्ट ब्रिस्टो या इंजिनिअरने बंदर खोल करताना निघालेल्या गाळाच्या भरावाने उभे केले. त्यावर रेल्वे स्टेशनसुद्धा झाले! मी डिप्लोमावाला, पण भराव खचतो कसा हे आपल्या खात्यातल्यांना वेगळे सांगायला नको. मी पाहतच राहिलो.

गोव्यात मंगेशीची सात मजली दीपमाळ पाहून झाल्यावर आईला मिरामारच्या किनाऱ्यावर नेले. माझा हात घट्ट धरून ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली. निघायचे नावच घेईना.

पैसे परत मागण्याच्या अर्जाला अजून उत्तर नाही. डबीतून आणलेली वाळू आईने देवघरात ठेवली आहे.