सीमेवरचे मतदान : मोहगाव परिसराचा निवडणूक-इतिहास
(ग्रंथालयाच्या शताब्दी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



शंभर वर्षे टिकलेल्या ग्रंथालयात निवडणुकीवर बोलायचे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु मतपेटी आणि पुस्तकाचे कपाट यांचे नाते आपण समजतो त्याहून जवळचे आहे. वाचणारा माणूस प्रश्न विचारतो, आणि प्रश्न विचारणाऱ्या मतदाराला गृहीत धरता येत नाही. मोहगाव, सौंसर आणि पांढुर्णा या आपल्या मराठी मुलखाचा निवडणूक-इतिहास मला याच दृष्टीने पाहावयाचा आहे.

पहिली सार्वत्रिक निवडणूक १९५१-५२ च्या हिवाळ्यात झाली. त्या वेळी आपण मध्य प्रदेशातच होतो, परंतु त्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. बाजाराला, दवाखान्याला, शिक्षणाला आपण जिकडे जात होतो, सरकारही तिकडेच होते. मत देण्याची रीतही निराळी होती. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी, तिच्यावर त्याचे चिन्ह, आणि मतदाराने आपली चिठ्ठी हव्या त्या पेटीत टाकायची. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही राज्यकर्ता निवडण्याचा अधिकार त्या साध्या युक्तीने मिळाला. मात्र त्याच निवडणुकीत देशभरातील सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे यादीतून गळाली, कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले होते. मताच्या अधिकाराआधी स्वतःचे नाव उच्चारण्याचा अधिकार घ्यावा लागतो, हा त्यातला धडा मला फार मोलाचा वाटतो. छिंदवाड्याहून त्या वेळी रायचंदभाई शाह लोकसभेवर गेले.

त्यानंतर आला १ नोव्हेंबर १९५६ हा दिवस. राज्य पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा नव्या मध्य प्रदेशात राहिला. जिल्हा हिंदीभाषक, म्हणून जिल्ह्यासोबत त्याचा दक्षिणेकडचा आपला मराठी पट्टाही तिकडे. राजधानी नागपूरहून भोपाळला गेली. घरची भाषा, सोयरीक आणि संत्र्याची बाजारपेठ नागपूरकडे. आमदाराची वाट मात्र भोपाळकडे. गेल्या जवळजवळ सत्तर वर्षांतील आपले प्रत्येक मतदान या दुभंगातून झालेले आहे.

या मुलखाच्या मतदाराचा स्वभाव कसा, हे १९७७ मध्ये साऱ्या देशाला दिसले. मध्य प्रदेशातील लोकसभेच्या ४० जागांपैकी काँग्रेसला एकच मिळाली, ती छिंदवाड्याची. गार्गीशंकर मिश्र निवडून आले. १९८० पासून कमलनाथ यांचा काळ सुरू झाला. म्हणून ‘छिंदवाडा म्हणजे एकाच घराचा गड’ असे म्हणण्याची पद्धत पडली. ती पुरती खरी नाही. १९९७ च्या पोटनिवडणुकीत याच मतदारांनी भारतीय जनता पक्षाच्या सुंदरलाल पटवा यांना निवडले, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा कमलनाथ यांना.

विधानसभेचेही तसेच. सौंसरने २००८ आणि २०१३ मध्ये भाजपचे नानाभाऊ मोहोड यांना, तर २०१८ आणि २०२३ मध्ये काँग्रेसचे विजय चौरे यांना निवडले. २०२३ मध्ये राज्यात भाजपला २३० पैकी १६३ जागा मिळाल्या, तरी जिल्ह्यातील सातही जागा काँग्रेसने राखल्या. त्यानंतर अवघ्या सात महिन्यांत, जून २०२४ मध्ये, लोकसभेची जागा भाजपचे विवेक बंटी साहू यांनी १,१३,६१८ मतांनी जिंकली. म्हणजे हा मतदार भावनेत वाहणारा नव्हे. तो आमदार आणि खासदार यांचा हिशेब वेगळ्या वहीत मांडतो.

पांढुर्ण्याची गोष्ट थोडी निराळी आहे. २००८ मध्ये अमलात आलेल्या मतदारसंघांच्या फेररचनेनंतर ती जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. काहींना त्याची खंत वाटते, हे मी जाणतो. परंतु या डोंगरपायथ्याच्या गोंड बांधवांचाही या भूमीवर आपल्याइतकाच, किंबहुना जुना हक्क आहे. मराठी माणसाने आपल्या उपेक्षेची तक्रार करताना शेजाऱ्याच्या उपेक्षेकडे डोळेझाक करणे शोभणारे नाही. त्या जागेवरून २०१८ आणि २०२३ मध्ये निलेश उईके निवडून आले. २०२३ मध्येच पांढुर्णा आणि सौंसर मिळून नवा पांढुर्णा जिल्हा झाला. ज्या जिल्ह्याच्या सीमेमुळे १९५६ मध्ये आपण मागे राहिलो, तीच सीमा आता आपल्याभोवती नव्याने आखली गेली आहे.

आता खरा प्रश्न. १९५६ च्या ज्या सातव्या घटनादुरुस्तीने राज्ये बदलली, तिनेच घटनेत ३५०-क हे कलम घातले. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असे ते सांगते. इतक्या निवडणुका झाल्या. रस्ता, वीज, पाणी, संत्र्याचा भाव यांविषयी आपण उमेदवारांना विचारले, आणि ते योग्यच होते. परंतु ‘आमच्या मुलांच्या मराठी शाळेचे काय?’ हे किती सभांत कोणी उठून विचारले? प्रचारक आपल्या दारात मराठीत बोलतात, कारण मत मराठीत मागावे लागते. निकाल लागल्यावर मात्र मराठी घरातच राहते. हा दोष केवळ पुढाऱ्यांचा नाही. न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर कोणी देत नसते.

म्हणून या ग्रंथालयाला माझी एक विनंती आहे. आपल्या कपाटांत कादंबऱ्या आहेत, संतवाङ्मय आहे. परंतु आपल्याच मतदानाचा इतिहास नाही. जुनी मराठी प्रचारपत्रके, जाहीरनामे, मतदारयाद्या आणि निकालांची वृत्तपत्रीय कात्रणे आजही अनेक घरांच्या माळ्यांवर, ट्रंकांत पडून असतील. वाळवीने त्यांचा निकाल लावण्यापूर्वी ती येथे आणून द्या. कोणी कोणते वचन दिले होते, हे ज्या गावाला तारखेनिशी दाखवता येते, त्या गावाशी पुढारी जपून बोलतात.

येत्या शंभर वर्षांत ही वास्तू वाचकांबरोबर जाणत्या मतदारांचीही होवो, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेतो.