राज्यघटनेचे कुंपण आणि आपली ज्ञातिसंस्था

(वार्षिक संमेलनातील भाषण)



राज्यघटना म्हणजे नागरिकांना हक्क वाटून देणारे दानपत्र, अशी एक समजूत आढळते. आमच्या मते ती प्रथमतः सत्तेभोवती घातलेले कुंपण होय. सातव्या परिशिष्टातील 3 सूच्यांनी कायदे करण्याची सत्ता संघ आणि राज्ये यांत वाटली आहे. मूलभूत हक्कांशी विसंगत असलेला कायदा तेवढ्यापुरता शून्यवत् होतो, असे 13 वे कलम सांगते; आणि त्या हक्कांसाठी थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याची वाट 32 व्या कलमाने मोकळी ठेवली आहे. डॉ. आंबेडकरांनी डिसेंबर 1948 मध्ये घटना समितीत याच तरतुदीला घटनेचा आत्मा आणि हृदय म्हटले होते.

या कुंपणाचा एक दाखला आपल्या फार जवळचा आहे. 1949 साली मुंबई विधिमंडळाने कोणत्याही समाजाने आपल्या माणसास बहिष्कृत करण्यास बंदी करणारा कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाचे धर्मगुरू सय्यदना ताहेर सैफुद्दीन यांनी त्यास आव्हान दिले. धर्मपंथास धार्मिक बाबतीत आपला कारभार पाहण्याचा हक्क 26 व्या कलमाने दिला आहे, तो या कायद्याने मोडतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली 4 विरुद्ध 1 अशा बहुमताने दिला. तो एकटा विरोधी आवाज मुख्य न्यायमूर्ती भुवनेश्वर प्रसाद सिन्हा यांचा होता. बहिष्कृताची स्थिती अस्पृश्यासारखीच होते, हे त्यांनी ओळखले. आमचे मन सिन्हांकडे ओढ घेते. तथापि लोकांनी निवडलेले विधिमंडळ हरले आणि त्याने ते मानले, हीही लहान गोष्ट नव्हे.

पुढे महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध 2016 चा अधिनियम केला. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत येत असल्याने तो राष्ट्रपतींच्या संमतीस गेला व जुलै 2017 पासून अंमलात आला. त्यात 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा आहेत. 1962 च्या निर्णयाचा फेरविचारही 2023 साली 9 न्यायाधीशांच्या पीठाकडे सोपविण्यात आला.

आता घरचे पाहू. काही मंडळी 26 व्या कलमाचा आधार सांगतात. पण आपली ज्ञाती हा धर्मपंथ नव्हे. आपण वधूवर-मेळावे भरवितो, विद्यार्थ्यांस शिष्यवृत्त्या देतो, पंगती घालतो. ज्ञातीबाहेर विवाह करणाऱ्याचे सभासदत्व काढून घेण्याचा जो जुना नियम आपल्या नियमावलीत आहे, त्याला हा आधार पुरणार नाही. शिवाय त्या नियमान्वये तक्रार घेणारे, चौकशी करणारे आणि शिक्षा फर्माविणारे पंच तेच! न्यायखाते कार्यकारी सत्तेपासून वेगळे ठेवण्यास राज्याने पावले उचलावीत, असे 50 वे कलम सांगते. सरकारकडून आपण जी अपेक्षा करतो, ती आपल्या पाच पंचांकडून का करू नये?

हा नियम रद्द करण्याचा ठराव दुपारच्या सत्रात मतास येईल. आम्ही त्यास अनुमोदन देणार आहोत. या नियमापायी ज्ञातीच्या वंशावळीतून ज्या मुलामुलींची नावे वगळली गेली, ती मतदानापूर्वी वाचून दाखवावीत, अशी विनंती आम्ही अध्यक्षांस केली आहे.