आर्द्रेत खरंच पाणी सापडलं, त्याची गोष्ट

कोल्हापुरात पाऊस धो धो कोसळतोय, त्यामुळं मागं पत्र्याचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

जून लागला की आमचे आजोबा कॅलेंडरात आर्द्रा नक्षत्राचं वाहन बघायचे. बेडूक निघाला की खूश! साधारण 22 जूनला सूर्य आर्द्रेत येतो. आर्द्रा म्हणजे ओली. हाच तो तांबूस तारा, इंग्रजीत बेटलज्यूज. आणि गंमत बघा, त्याच्याभोवती खरोखर पाण्याची वाफ आहे. ती सापडूनही छत्तीस वर्षं मानली गेली नव्हती.

पाण्याचा रेणू अवरक्त प्रकाशात ठराविक ठिकाणी प्रकाश शोषतो, वर्णपटात तिथं खळगा पडतो. पण आपल्या हवेतली वाफही नेमकी तिथंच आडवी येते. म्हणून 1963 साली अमेरिकेत 36 इंची दुर्बीण फुग्याला बांधून सुमारे 24 किलोमीटर वर पाठवली. नाव स्ट्रॅटोस्कोप 2. मायरा या तांबड्या राक्षसी ताऱ्यात पाणी दिसलं. तो बराच थंड, त्यामुळं ते पटलं. आर्द्रेतही दिसलं, 1964 ला छापूनही आलं. पण आर्द्रा महाराक्षसी तारा, पृष्ठभाग सुमारे 3600 केल्विन. एवढ्या उष्णतेत पाणी कसं टिकेल? मग त्या खुणा कार्बन-नायट्रोजनच्या रेणूच्या ठरवल्या, विषय संपला.

2000 साली ताकाशी त्सुजी या जपानी शास्त्रज्ञानं तीच जुनी नोंद पुन्हा काढली. गरम आणि थंड रेणूंच्या रेषा वेगळ्या उमटतात, त्यावरून तापमान कळतं. इथं ते 1500 केल्विनच्या आसपास आलं. म्हणजे पाणी होतंच, पण पृष्ठभागावर नाही, त्याच्या वर, बाहेरच्या वातावरणात. असा थर कुणाच्या मॉडेलमध्येच नव्हता!

खरं सांगू? मॉडेलमध्ये न बसणाऱ्या ओळी ‘एरर असणार’ म्हणून मी कितीदा डिलीट केल्यात. त्या परत मिळणार नाहीत. त्सुजींचं नशीब, जुनी नोंद कुणी उडवली नव्हती.

आता प्रत्येक वेळी फुगा लागत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेनं बनवलेला टिरस्पेक हा अवरक्त वर्णपटमापक 2013 मध्ये लडाखमधल्या हानलेच्या 2 मीटर दुर्बिणीवर बसला. उंची सुमारे 4500 मीटर, हवा कोरडी. तरी थोडी वाफ असतेच. मग त्याच रात्री शेजारचा एखादा गरम पांढरा तारा बघायचा. त्याच्यात पाणी असूच शकत नाही, म्हणजे दिसेल ते आपलं. त्यानं भागायचं, उरेल ते राक्षसी ताऱ्याचं. साधा भागाकार, भावा! पण पट्ट्याच्या मधोमध आपली वाफ एवढी दाट, की बऱ्याचदा कडांवरच भागवावं लागतं.

या बाहेरच्या थरांतूनच ताऱ्याचा माल निसटतो, थंड होऊन धूळ बनतो. 2019-20 च्या हिवाळ्यात आर्द्रा अचानक मंद झाली, त्यातही धुळीचा हात होता.

सध्या सूर्य तिच्याच बाजूला आहे, ढग नसते तरी ती दिसली नसती. डिसेंबरात रात्री नऊला पन्हाळ्यावर जा, पूर्वेला तोंड करा. आणि हो, स्वेटर न्या.