लग्न हे औषध नव्हे
(पिंपरीतील महिला गटांच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, साठच्या दशकात टेल्को आली. त्या काळी ‘पर्मनंट’ झालेला कामगार खोली घ्यायचा, संसार थाटायचा. आज त्याच घरातली नात चाकणला कंत्राटावर काम करते. कंत्राट संपलं की घरी. वेगळ्या खोलीचं भाडं परवडत नाही. परवडलं तरी ‘लग्नाआधी कुठे निघालीस?’ हा प्रश्न आहेच.

आई-वडिलांजवळ राहणं हा काही आजार नव्हे. पुष्कळ जणींना त्याच घराचा आधार असतो. पण तिथे तिला मोठं माणूस म्हणून वागवतात का? पगार आईच्या हातात, मोबाइल भावाच्या हातात. ती जेवेना, झोपेना, बोलेनाशी झाली की ‘नखरे’. नाहीतर ‘लग्न झालं की सुधारेल’. गटाच्या कामात हे वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकते. बेकार मुलालाही ‘बापाच्या जिवावर किती दिवस?’ हे ऐकावं लागतं, आणि त्याला रडायचीही मुभा नाही. पण तो निदान नाक्यावर जाऊन बसतो. तिने कुठे जायचं?

कायदा काय म्हणतो, ते तिच्यापर्यंत पोचवू या. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानुसार उपचार हा तिचा हक्क आहे. सज्ञान मुलगी स्वतःच्या निर्णयाने दवाखान्यात दाखल होत असेल, तर वडिलांच्या संमतीची अट घालता येत नाही. तिच्या आजाराची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा फक्त सुनांसाठी नाही, लेकींसाठीही आहे. सततचा अपमान, टोमणे हीसुद्धा त्यात हिंसाच मानली आहे.

मात्र आईला आरोपी करून भागणार नाही. घरातलं सगळ्यांचं दुखणं तीच उशाला घेऊन झोपते. तिच्याशीही बोलायला हवं.

म्हणून माझी सूचना आहे: प्रत्येक वस्तीत आठवड्यातून एक संध्याकाळ, शिफ्टच्या वेळा सांभाळून, या मुलींसाठी राखू या. तिथे लग्नाचा विषय कोणी काढायचा नाही. ‘टेली-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक भिंतीवर लिहू या. आणि एखादी ‘जगावंसं वाटत नाही’ म्हणाली, तर तिला एकटी घरी पाठवायचं नाही. आपल्यातलीच एक जण तिच्याबरोबर डॉक्टरकडे जाईल. कोण जाणार, त्यांची नावं आजच लिहून घेऊ या.