आधी मोजणी, मग मागणी



आम्ही बँकेतले कारकून. शिक्षण बी. ए. पर्यंतचे, वैद्यकशास्त्राशी संबंध नाही. तरीही आरोग्यसेवेवर बोलण्याचे धाडस करतो आहोत, कारण काउंटरच्या आतून आम्हाला एक गोष्ट वारंवार दिसते. कोणी मुलीच्या नावची मुदतठेव मुदतीआधी मोडायला येतो, कोणी बाई दागिने तारण ठेवायला येते. कारण विचारले की पुष्कळदा एकच शब्द ऐकू येतो : दवाखाना.

असाच एक कंत्राटी कामगार पत्नीच्या बाळंतपणासाठी ठेव मोडून गेला. सरकारी सोय कुठे आहे, तपासणीचा वार कोणता, हे नऊ महिन्यांत त्याला कोणी सांगितले नव्हते. आम्ही चौकशी केली, तेव्हा कळले की त्याची नवी चाळ कोणत्याही आशाताईंच्या यादीतच नव्हती. यादीत नाही, म्हणून सेवेत नाही!

विनयपिटकात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी झालेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो इतरांच्या उपयोगी पडत नव्हता, म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. भगवान बुद्धांनी आनंदासह त्याला स्वतः आंघोळ घातली. पण ते तेवढ्यावर थांबले नाहीत. रुग्णाची शुश्रूषा कोणी करायची याचा नियमच त्यांनी घालून दिला. आणि ज्याचे कोणी नाही, त्याची जबाबदारी संघावर टाकली. आरोग्यसेवेचे नियोजन म्हणजे तरी दुसरे काय? कोणाची जबाबदारी कोणावर, हे आजारपण येण्याआधीच ठरवणे. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाला पाठिंबा देताना बाबासाहेबांनीही हेच सूत्र धरले : बाळंतपणाचा भार एकट्या कामगार बाईवर टाकता येणार नाही.

आता आपल्या तीन शहरांचा हिशेब मांडू. केंद्र सरकारने २०१३ साली राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियान मंजूर केले. त्याचे प्रमाण असे : सुमारे ५०,००० लोकवस्तीमागे एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र, १०,००० मागे एक परिचारिका, १,००० ते २,५०० मागे एक आशा आणि ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या ५,०६,०९८, अंबरनाथची २,५३,४७५ आणि बदलापूरची १,७४,२२६ होती. म्हणजे त्याच आकड्यांवर उल्हासनगरला दहा, अंबरनाथला पाच आणि बदलापूरला तीन ते चार केंद्रे लागतात.

परंतु ते आकडे २०११ चे आहेत. त्यानंतर बदलापूर-अंबरनाथला किती इमारती, किती चाळी उभ्या राहिल्या, हे सकाळच्या लोकलमध्ये उभे राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. २०२१ ची जनगणना ठरल्या वेळी झाली नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख जाहीर झाली. जुन्या आकड्यावर आखलेली योजना नव्या वस्तीला अपुरी पडणारच. मग साध्या तापासाठीही माणूस उल्हासनगर कॅम्प नंबर तीनच्या मध्यवर्ती रुग्णालयाकडे धाव घेतो. मोठे रुग्णालय मोठ्या आजारासाठी आहे. छोट्या आजाराची सोय वस्तीजवळ नसेल तर दोन्हीकडचे रुग्ण ताटकळतात.

तेव्हा आपण काय करावे? नुसते मोर्चे काढून भागणार नाही. विद्यार्थी मित्रहो, हे काम तुमचे आहे. आपापल्या वस्तीतील घरे मोजा. गरोदर महिला, पाच वर्षांखालील मुले, एकटे वृद्ध, क्षयरोग, मधुमेह व रक्तदाबाचे रुग्ण किती, ते लिहा. मात्र पालिकेला द्यायच्या तक्त्यात फक्त संख्या द्या, आजाऱ्यांची नावे नकोत. जवळचे केंद्र किती अंतरावर आहे आणि ते केव्हा बंद होते, हेही लिहा. संध्याकाळी सातच्या लोकलने उतरणाऱ्या कामगाराला दुपारी बंद होणारे केंद्र असून नसल्यासारखेच!

हा तक्ता अंदाजपत्रक बनण्याआधी पालिकेत पोचला पाहिजे. नवे आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होते. म्हणून दिवाळी झाली की कामाला लागावे. अर्ज लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. बँकेत तोंडी सूचना चालत नाही, कचेरीतही चालत नाही. केंद्र पालिका स्वतः चालवो वा कोणा संस्थेला कराराने देवो, वेळ, कर्मचारी आणि औषधे कागदावर लिहिलेली असली पाहिजेत. २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली त्या कराराची प्रत मागता येते. जे लिहिलेलेच नाही, त्याचा जाब कोणाला विचारणार? आणि आमच्या भगिनींनी महिला आरोग्य समितीत हक्काने बसावे. वस्तीत कोण आजारी आहे हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या पैशांची बेरीज केली. एक सांगतो : जी रक्कम खात्यात लिहिलेली नाही, ती काउंटरवर मिळत नाही. आपली माणसे आधी खात्यात आणू या. एकही घर मोजायचे राहू नये, एवढा संकल्प आज करू या.

जयभीम! नमो बुद्धाय!