यंत्राची विश्रांती



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात जी वक्तृत्वाची परंपरा सुरू केली, तिच्या व्यासपीठावर एका कामगार कार्यकर्त्याने संगणकाविषयी बोलावे, याचे आपणांपैकी काहींना नवल वाटेल. माझी शाळा सातवीतच सुटली. पण आमच्या सभासदांची मुले आज हिंजवडीच्या कचेऱ्यांत जातात, रात्री दहाला घरी येतात आणि आपण नेमके काय काम करतो हे त्यांना बापाला सांगता येत नाही. तेव्हा मीच त्यांना संघाच्या अभ्यासवर्गात बोलावले आणि म्हटले, "तुम्ही शिकवा, आम्ही शिकतो." त्या वर्गात जे शिकलो ते माझ्या भाषेत मांडतो.

संगणकातला ड्रायव्हर म्हणजे मोटार हाकणारा नव्हे. संगणकाला कॅमेरा असतो, कळफलक असतो, ध्वनीची चकती असते. प्रत्येकाची रीत निराळी. वरची मुख्य व्यवस्था एकच भाषा जाणते. या दोहोंमध्ये जो छोटा कार्यक्रम उभा असतो, तो ड्रायव्हर. कारखान्यातला मुकादमच म्हणा ना! वरून हुकूम येतो, खाली काम करणारा असतो. हुकुमाचे कामात रूपांतर करणारा हा मधला माणूस.

आता या मुकादमाकडे आणखी एक जबाबदारी आली आहे. हाताखालच्या यंत्राला काम नसेल तेव्हा त्याची वीज तोडायची आणि काम येताच ती पुन्हा द्यायची. पूर्वी संगणक बहुधा सगळा जागा असे, नाही तर सगळा निजलेला. तुम्ही पत्र लिहीत बसलात, तर कोणी न वापरणारा कॅमेराही जागाच राही. जणू रात्रपाळीला एक माणूस कामावर आहे, म्हणून साऱ्या गिरणीचे दिवे आणि पट्टे चालू! लिनक्स या सर्वांना खुल्या असलेल्या प्रणालीत २००९ च्या डिसेंबरात २.६.३२ ही आवृत्ती निघाली. तीत राफाएल विसोकी यांनी तयार केलेली एक सामाईक चौकट आली. यंत्र चालू असतानाच त्यातले एकेक उपकरण स्वतंत्रपणे निजावे आणि उठावे, अशी तिची योजना आहे.

ही चौकट ड्रायव्हरला जोडायची कशी? पहिली गोष्ट, खरे सांगायचे. चौकटीचा मूळ समज असा असतो की उपकरण निजलेले आहे. ते प्रत्यक्षात जागे असेल तर ड्रायव्हरने तसे आधी नोंदवायचे आणि मगच चौकट सुरू करायची. हजेरीपट खोटा असेल तर पुढचा सारा हिशेब खोटा, हे कामगारांना मी सांगायला नको.

दुसरी गोष्ट, निजविण्याची आणि उठविण्याची कृती लिहायची. निजविताना उपकरणाच्या आतल्या नोंदी जपून ठेवायच्या, त्याचे घड्याळ थांबवायचे, मग वीज तोडायची. उठविताना क्रम उलटा: आधी वीज, मग घड्याळ, मग नोंदी जागच्या जागी. साचा बंद करताना आणि चालू करताना जाणता कारागीर हाच क्रम पाळतो.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे मोजणी. ज्याला उपकरण हवे त्याने आधी 'गेट' म्हणायचे, म्हणजे आकडा एकाने वाढतो आणि उपकरण निजलेले असल्यास उठते. काम संपले की 'पुट' म्हणायचे, म्हणजे आकडा एकाने उतरतो. आकडा शून्यावर आला तरच निजण्याचा विचार. दोघे वापरत असतील आणि एकाचे काम संपले, तर दुसऱ्यासाठी यंत्र जागेच राहते. एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याचे काम बंद पाडायचे नाही, हा नियम मला फार आवडला.

चौथी गोष्ट, थोडा धीर धरायचा. उठायलाही वेळ आणि वीज लागतेच. क्षणाक्षणाला निजणे-उठणे चालले तर बचतीपेक्षा खर्चच अधिक. म्हणून शेवटच्या कामानंतर काही काळ वाट पाहायची; यूएसबीच्या उपकरणांसाठी लिनक्समध्ये ही मुदत सामान्यतः दोन सेकंदांची धरलेली असते. आणि पाचवी गोष्ट, वडीलकीची. ज्या मार्गावर उपकरण जोडलेले असते तो मार्ग त्याचा पालक. मूल जागे असताना पालकाने निजायचे नाही, ही सर्वसाधारण रीत.

आता चुका कोठे होतात ते पाहा. काम बिघडले की ड्रायव्हर अर्ध्या वाटेवरूनच परत फिरतो आणि त्या घाईत 'पुट' म्हणायचे राहते. आकडा कधीच शून्यावर येत नाही आणि उपकरण जन्मभर जागे! यात आणखी एक खोच होती. जुनी 'गेट' पद्धत उपकरण उठले नाही तरीही आकडा वाढवून बसे. कित्येक ड्रायव्हरांत ही गळती होती. शेवटी २०२० च्या अखेरीस, अपयश आल्यास आकडा आपणच मागे घेणारी नवी पद्धत चौकटीत घालण्यात आली. उलट, 'पुट' एकदा जास्त झाले तर कोणी वापरत असतानाच वीज जाते, आणि घड्याळ थांबलेल्या उपकरणाला हात लावला की कित्येक वेळा सारा संगणकच गोठतो. पहिल्या चुकीची बोंब होत नाही, दुसरीची लगेच होते. म्हणूनच पहिली वर्षानुवर्षे टिकते.

आपण विचाराल, एवढ्याशा विजेचे एवढे कौतुक कशाला? हिशेब करू. एक वॅट वर्षभर अखंड वाया गेला तर ८.७६ युनिटे होतात. एका घरात ते काहीच नाही. एक लाख घरांत तेच ८ लाख ७६ हजार युनिटे. युरोपात कायद्याने बंद-अवस्थेतल्या घरगुती उपकरणांना २०१० पासून साधारण एक वॅटची आणि २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली, ती उगाच नव्हे.

पण पुणेकरांना तरी वीज कोठून येते हे मी सांगण्याची गरज नसावी. १९२१ साली मुळशी पेट्यातले शेतकरी सेनापती बापटांच्या मागे उभे राहिले, कारण टाटा कंपनीच्या धरणाखाली त्यांच्या जमिनी जात होत्या. तेथली वीज मुंबईला गेली आणि जमिनी पाण्याखाली गेल्या. पुढे कोयनेतही गावेच उठली. आपल्या भिंतीवरच्या बटनामागे कोणाचे तरी शेत आहे. म्हणून रिकाम्या यंत्राची वीज वाचविणे हे मला कंजूषपणाचे वाटत नाही. ती एका जुन्या कर्जाची थोडीफार परतफेड वाटते.

येथपर्यंत इंजिनियर आणि मी एकमताचे आहोत. पुढे मात्र मला सावधगिरीचा शब्द बोलायचा आहे.

काम असेल तेव्हा जागे करा, नसेल तेव्हा वीज तोडा, हा नियम यंत्राला शोभतो. माणसाला तोच लावला तर? मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार रोज सकाळी फाटकावर उभा राही. नाव पुकारले तर रोजी, नाही तर घरी. तेथेही मोजणीच होती, आणि आकडा शून्यावर आला की चूल थंड. आज घरपोच माल पोहोचविणारा पोरगा मोटारसायकलवर बसून फोनकडे पाहतो. ऑर्डर आली तर तो जागा, नाही तर हिशेबात तो नाहीच. यंत्राचे घड्याळ थांबले तर त्याची भूकही थांबते. माणसाची थांबत नाही.

आपल्या कायद्याने हा फरक ओळखला होता. मालकापाशी काम नसल्याने कामगाराला बसवून ठेवले, तर निम्मे वेतन द्यावे, ही तरतूद १९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात आली. खुद्द बदली कामगाराला मात्र तीतून बहुतेक वगळले, हे दुखणे राहिलेच. त्याही आधी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या खटपटीने १८९० च्या १० जून रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळाली. ती सुटी शून्य आकड्याची नव्हती. गिरणीत भरपूर काम असतानाच घेतलेली ती विश्रांती होती. काम नाही म्हणून मिळते ती बेकारी, आणि काम असूनही हक्काने मिळते ती विश्रांती.

आमच्या वर्गातल्या एका मुलीने सांगितले, की लिनक्समध्ये पुष्कळ उपकरणांना आपण होऊन निजण्याची मोकळीक सुरुवातीला नसतेच. संगणकाच्या मालकाने 'ऑटो' असे लिहून परवानगी दिल्यावरच ती मिळते. यंत्राच्या बाबतीत हे ठीक आहे. माणसाच्या बाबतीत ती परवानगी कोणी द्यायची, याचा निर्णय ज्याला बसवून ठेवायचे त्याला विचारल्यावाचून होता कामा नये. तरुण इंजिनियरांना माझे सांगणे एवढेच: तुमच्या ड्रायव्हरातली मोजणी चोख ठेवा, आणि रात्री दहाला घरी येताना स्वतःच्या तासांचीही मोजणी करा. ती तुमच्यासाठी दुसरे कोणी करणार नाही.