करवत बाई-पुरुष बघत नाही



द्रोणागिरीत सिडकोसाठी जमिनी गेल्या, 1989 साली शेजारी न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. शेती गेलेली बाई सुतारकाम मागते तेव्हा ऐकवतात, 'मशीन बाईचं काम नव्हे.' 1948 च्या कारखाना कायद्यानेही कलम 22 मध्ये चालत्या यंत्राच्या सफाईपुरतं तिला अल्पवयीनांच्या रांगेत बसवलं होतं.

मी समाजकार्य शिकलेली. कपाटाच्या फळीसाठी गोल करवतीवर खाच पाडायला इथेच शिकले. खाचेत पातं आरपार जात नाही, लाकडाखाली लपतं. वरचं झाकणही बहुधा काढलेलं असतं. म्हणून पातं बदलताना प्लग काढा. फळी हाताने नव्हे, ठोकळ्याने ढकला. पात्याच्या रेषेत उभ्या राहू नका, फळी उसळते. हातमोजे, बांगड्या, सुटा पदर नको. काम झालं की झाकण परत बसवा.

आम्हाला बंदी नको. ठोकळा आणि शिकवणारं माणूस हवं!